स्मिता पाटील: ‘उंबरठा’ आणि ‘नमक हलाल’ एकाच वर्षात कसे?

उत्तररात्र (प्रश्न)

नमस्कार. स्मिता पाटील यांचे चित्रपट मी सध्या प्रदर्शनाच्या क्रमाने पाहतो आहे. ‘निशांत’ (१९७५), ‘मंथन’ (१९७६), ‘भूमिका’ आणि ‘जैत रे जैत’ (दोन्ही १९७७), ‘गमन’ (१९७८), ‘अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है’ (१९८०) आणि ‘चक्र’ (१९८१) इथपर्यंतचा प्रवास मला एकसंध वाटला. दिग्दर्शक बदलतात, गावे आणि वस्त्या बदलतात, पण पडद्यावरच्या त्या स्त्रीला स्वतःचे काही म्हणणे आहे आणि ते ऐकून घेण्याची चित्रपटाची तयारी आहे, असे प्रत्येक वेळी जाणवते.

१९८२ या वर्षापाशी आल्यावर मात्र मी अडलो. त्या एका वर्षात ‘उंबरठा’, ‘बाजार’ आणि ‘अर्थ’ आहेत, आणि त्याच वर्षात ‘शक्ती’ आणि ‘नमक हलाल’ही आहेत. घर, नवरा आणि लहान मुलगी मागे ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून रुजू होणारी सुलभा महाजन ज्या अभिनेत्रीने उभी केली, तीच अभिनेत्री त्याच काळात अमिताभ बच्चन यांच्याबरोबर पावसातले गाणे करते, याची संगती मला लावता येत नाही. व्यावसायिक चित्रपटांबद्दल माझ्या मनात तुच्छता नाही. ‘शक्ती’ मला आवडतो. परंतु त्या चित्रपटात त्यांच्या वाट्याला आलेले काम पाहताना सारखे वाटत राहते की हे काम दुसऱ्या कोणीही केले असते.

जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. हा बदल त्यांनी का स्वीकारला आणि त्याविषयी त्यांचे स्वतःचे काय मत होते? आणि १९८२ नंतरच्या चित्रपटांपैकी कोणते चित्रपट केवळ त्यांच्या कामासाठी पाहावेत? ‘नावाजलेले’ म्हणून नव्हे, तर तुम्हाला स्वतःला जे पटले तेच सांगावे, ही विनंती.

मधुमालती

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्मिता पाटील यांनी स्वतःच एका मुलाखतीत देऊन ठेवले आहे, आणि ते इतके स्पष्ट आहे की त्यानंतर ‘तडजोड’ हा शब्द वापरताना मला संकोच वाटतो. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की सुमारे पाच वर्षे त्यांनी छोट्या चित्रपटांशी बांधिलकी ठेवली आणि मोठ्या निर्मात्यांचे प्रस्ताव नाकारले. १९७७-७८ च्या सुमारास छोट्या चित्रपटांची चळवळ जोर धरू लागली, तेव्हा तिथल्याच लोकांना बाजारात चालणारी नावे हवीशी वाटू लागली आणि एकदोन चित्रपटांतून त्यांना काहीही न सांगता वगळण्यात आले. हे त्यांना फार लागले. नावच हवे असेल तर मी नाव करून दाखवते, असे ठरवून त्यांनी समोर येतील ते चित्रपट स्वीकारायला सुरुवात केली.

या उत्तरामागची आर्थिक बाजूही पाहायला हवी. समांतर चित्रपटाला, म्हणजे व्यावसायिक चौकटीबाहेरच्या या छोट्या चित्रपटांना, पैसा कोठून येत असे? ‘निशांत’ आणि ‘भूमिका’ यांच्यामागे जाहिरातपटांच्या व्यवसायातली ब्लेझ ही कंपनी होती. ‘मंथन’साठी गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले. असे आश्रयदाते दरवर्षी मिळत नाहीत. त्यामुळे चित्रपट पुरा झाल्यावर तो चित्रपटगृहापर्यंत पोहोचवायचा तर वितरकाला दाखवायला ओळखीचा चेहरा लागतो, हे गणित त्या चळवळीतल्या दिग्दर्शकांनाही चुकले नाही. म्हणजे ज्या अभिनेत्रीने चळवळीसाठी पैशाकडे पाठ फिरवली, तिच्याकडेच चळवळीने ‘तुझे नाव अजून पुरेसे मोठे नाही’ म्हणून पाहिले. मला तरी या हकिकतीत दोष स्मिता पाटील यांचा दिसत नाही.

‘नमक हलाल’मधल्या त्या गाण्याच्या चित्रीकरणाने त्या अस्वस्थ झाल्या होत्या, हे सर्वश्रुत आहे. त्याच्याही पूर्वीची एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ‘चक्र’ हा झोपडपट्टीतल्या जगण्याचा चित्रपट. उघड्यावरच्या नळाखाली अंघोळ करावी लागणे हा त्या जगण्याचा भाग, आणि दिग्दर्शक रवींद्र धर्मराज यांनी तो तसाच दाखवला. जाहिरातीसाठी मात्र नेमके तेच दृश्य उचलले गेले. स्त्रीचे अर्धे उघडे शरीर पोस्टरवर लावले म्हणजे आणखी शंभर माणसे तिकीट काढतील, ही समजूतच चुकीची आहे आणि चित्रपट चालायचा असेल तर तो त्याच्या प्रामाणिकपणामुळे चालेल, असे मत त्यांनी दूरचित्रवाणीवर बोलताना अगदी शांतपणे मांडले होते. ही तक्रार व्यावसायिक चित्रपटापुरती मर्यादित नव्हती. समांतर चित्रपटही विकला जाताना त्याच दुकानात जातो, हे त्यांनी ओळखले होते. दोन प्रवाहांमध्ये आपण आज जी जाड रेघ ओढतो, ती त्यांना तेवढी जाड दिसत नसावी, असा माझा तर्क आहे.

आता ‘शक्ती’बद्दल. आपण म्हणता ते मला अर्धेच मान्य आहे. रमेश सिप्पी यांनी तो चित्रपट बाप आणि मुलाच्या संघर्षावर बेतला आहे, त्यामुळे दिलीपकुमार आणि अमिताभ यांच्यामध्ये उभ्या राहणाऱ्या कोणालाही जागा थोडीच उरणार होती. तरीही रोमा ही लग्नाचा प्रश्न उपस्थित होण्यापूर्वी नायकाला आपल्या घरात आसरा देणारी, स्वतः कमावणारी तरुणी आहे, आणि त्या काळातल्या मोठ्या चित्रपटांतल्या नायिकांमध्ये तिचे हे वेगळेपण उठून दिसते. स्मिता पाटील ती भूमिका करताना आवाज चढवत नाहीत की डोळे विस्फारत नाहीत. दिलीपकुमार यांच्यासमोर तसे केले असते तर ते शोभलेही नसते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नासाठी व्यावसायिक बाजूने दोन नावे सुचवते. ‘आखिर क्यों?’ (१९८५) मध्ये नवऱ्याचे आपल्याच चुलत बहिणीशी संबंध आहेत हे कळल्यावर घर सोडून लेखिका होणाऱ्या निशाची गोष्ट आहे. पटकथा ठरीव वळणांची आहे, पण नवऱ्याला जाब विचारण्याच्या प्रसंगात स्मिता पाटील रडण्याऐवजी ज्या सावकाशीने बोलतात, त्याने ते ठरीव वळणही खरे वाटू लागते. ‘अमृत’ (१९८६) मध्ये मुलांनी अडगळीत टाकलेल्या वृद्ध स्त्रीची भूमिका त्यांनी तिशीच्या आसपास केली. चित्रपट भाबडा आहे. त्यांचे काम तसे नाही.

पानवठा

मधुमालती यांचा प्रतिसाद आवडला. परंतु उत्तररात्र यांनी १९८२ पूर्वीचा प्रवास ‘एकसंध’ म्हटला आहे, त्या एकसंधपणाचे कारण कोणी सांगितलेले नाही, आणि माझ्या मते ते कारण आपल्या घरातलेच आहे.

पुढील यादी एकदा नजरेखालून घाला. ‘भूमिका’ अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारित. ‘कोंडुरा’ चिं. त्र्यं. खानोलकर यांच्या कादंबरीवर. ‘जैत रे जैत’ गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवर. ‘चक्र’ जयवंत दळवी यांच्या कादंबरीवर. ‘उंबरठा’ शांता निसळ यांच्या ‘बेघर’वर. ‘अर्धसत्य’ श्री. दा. पानवलकर यांच्या कथेवर. आणि ‘सामना’, ‘निशांत’, ‘मंथन’, ‘आक्रोश’, ‘उंबरठा’, ‘अर्धसत्य’ या साऱ्यांच्या लेखनात विजय तेंडुलकर. श्याम बेनेगल हैदराबादकडचे, गोविंद निहलानी कराचीत जन्मलेले, चित्रपट हिंदी. पण त्यांच्या तळाशी जे पाणी आहे ते साठ-सत्तरच्या दशकातल्या मराठी गद्याचे आहे. स्मिता पाटील पुण्यात, राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढल्या, वडील शिवाजीराव पाटील खानदेशातले राजकीय कार्यकर्ते. मुंबई दूरदर्शनवर त्या मराठी बातम्या देत होत्या. या लेखकांनी लिहिलेल्या स्त्रिया त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्या स्त्रिया कशा बसतात, कोणत्या शब्दावर थांबतात, कोणासमोर पदर सावरतात आणि कोणासमोर सावरत नाहीत, हे त्यांना आतून ठाऊक होते. एकसंधपणा येतो तो इथून, असे मला वाटते.

‘भूमिका’ हा मी त्यांचा सर्वांत मोठा चित्रपट मानतो, आणि तो मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. त्या वयात त्यांना एका मुलीपासून वयात आलेल्या मुलीच्या आईपर्यंतचा पल्ला गाठायचा होता, आणि शिवाय अभिनेत्रीचा अभिनय करायचा होता, म्हणजे उषा घरी कशी वागते आणि कॅमेऱ्यासमोर ‘उर्वशी’ म्हणून कशी वागते, हे दोन्ही वेगळे ठेवून एकाच बाईचे आहे हेही दिसू द्यायचे होते. पहिल्याच प्रसंगात ती सेटवर नाचते आहे. त्या नाचातल्या हसण्यात आणि नंतर घरी नवरा केशव याच्याशी होणाऱ्या भांडणातल्या चेहऱ्यात जो फरक आहे तो मेकअपचा नाही. सेटवर ती प्रत्येक हालचाल पुरी करते, हात जिथे जायला हवा तिथे जातो. घरी मात्र तिची कोणतीही हालचाल पुरी होत नाही, वाक्ये मध्येच तुटतात, ती दारापर्यंत जाते आणि परत फिरते. अमोल पालेकर यांचा केशव हा मी पाहिलेल्या अतिशय घृणास्पद माणसांपैकी एक आहे, आणि त्याचे कारण असे की तो सतत मऊ बोलतो.

पुढे ती राजनकडून सुनीलकडे आणि सुनीलकडून विनायक काळेकडे जाते. अमरीश पुरी यांनी रंगवलेला काळे तिला सन्मानाने वाड्यात ठेवतो, आणि एक दिवस तिच्या ध्यानात येते की इथून बाहेर पडायला परवानगी नाही. काळेची अंथरुणाला खिळलेली पत्नी तिला सांगते की बिछाने बदलतात, स्वयंपाकघरे बदलतात, पुरुषांचे मुखवटे बदलतात, पुरुष बदलत नाहीत. हे वाक्य लिहिलेले वाटण्याचा धोका होता. ते ऐकताना स्मिता पाटील काहीही ‘करत’ नाहीत, आणि त्यामुळेच ते वाक्य भाषण न होता बातमी होते. मूळ आत्मकथन ज्यांनी वाचले असेल त्यांना माहीत आहे की हंसा वाडकर स्वतःची कणव कोठेही करत नाहीत. पडद्यावरची उषाही करत नाही. या कामासाठी त्यांना पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, दुसरा ‘चक्र’साठी.

‘उंबरठा’ मला आवडतो, पण ‘भूमिका’इतका नाही, आणि याचे कारण सांगायला हवे, कारण मराठी प्रेक्षकांत ‘उंबरठा’ला पहिला क्रमांक देण्याची प्रथा आहे. सुलभा महाजन ही जवळजवळ सदैव बरोबर असते. महिलाश्रमाच्या समितीशी, तिथल्या भ्रष्टाचाराशी, घरच्यांच्या न बोललेल्या अपेक्षांशी तिचे जे भांडण आहे त्यात प्रेक्षक पहिल्या क्षणापासून तिच्या बाजूला असतो. उषा पुष्कळदा चुकते, हट्टाने चुकते, मुलीवर अन्याय करते, आणि तरीही तिला सोडून देता येत नाही. अभिनयाची कसोटी या दुसऱ्या प्रकारच्या भूमिकेत अधिक लागते. अर्थात शेवटच्या भागात, गिरीश कर्नाड यांचा सुभाष शांतपणे दुसऱ्या स्त्रीबद्दलची कबुली देतो तेव्हा सुलभाच्या चेहऱ्यावरून जे सरकत जाते, ते आश्चर्य नाही, संताप नाही, मनात चाललेला एक हिशेब पुरा झाल्याची जाणीव आहे. तेवढ्यासाठी मी तो चित्रपट कितीही वेळा पाहीन.

‘जैत रे जैत’मधली चिंधी या दोघींपेक्षा वेगळी. ना. धों. महानोर यांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत यांमुळे लोकांना गाणी आठवतात आणि चिंधी मागे राहते. ठाकर समाजातली ही मुलगी आपल्याला कोण हवा ते स्वतः ठरवते आणि त्याच्याकडे स्वतः चालत जाते. शहरी, सुशिक्षित सुलभाला जो निर्णय घ्यायला अर्धे आयुष्य लागते, तो चिंधी डोंगर चढता चढता घेते.

सावळा_मेघ

पानवठा यांनी मराठी साहित्याचा जो धागा दाखवला आहे तो महत्त्वाचा आहे, परंतु त्यावर सर्व भार टाकणे मला पटत नाही. त्यांच्या उत्तम कामांपैकी काही चित्रपट मराठी भाषेपासून आणि मराठी लेखकांपासून पूर्णपणे दूर आहेत. मृणाल सेन यांच्या ‘आकालेर संधाने’ (१९८०) या बंगाली चित्रपटात त्या स्मिता नावाच्याच अभिनेत्रीची भूमिका करतात. १९४३ च्या दुष्काळावर चित्रपट काढण्यासाठी एक चमू खेड्यात येतो, आणि गावातली खरी उपासमार आणि पडद्यासाठी उभी केलेली उपासमार एकमेकींसमोर येतात. उपासमारीची छायाचित्रे एकामागून एक दाखवून हे कोणत्या वर्षाचे असावे ते ओळखायला सांगण्याचा प्रसंग त्यात आहे. खेळ म्हणून सुरू झालेला तो प्रसंग हळूहळू सहन होईनासा होतो. चित्रपटाला बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले ते १९८१ मध्ये.

जी. अरविंदन यांच्या ‘चिदंबरम’ (१९८५) या मल्याळम चित्रपटात त्यांच्या वाट्याला अगदी मोजकी वाक्ये आहेत. लग्न होऊन डोंगरातल्या गोठ्यांच्या वसाहतीत आलेली शिवकामी फुलांकडे, गवताकडे, धुक्याकडे पाहते, आणि आपण तिच्याकडे पाहत राहतो. चित्रपट संपल्यावर लक्षात येते की तिच्या मनात काय चालले होते ते आपल्याला कोणी सांगितले नाही आणि तरीही ते सारे कळले आहे. उत्तररात्र यांनी १९८२ नंतरचे चित्रपट विचारले आहेत, तर माझे पहिले उत्तर हे आहे.

न बोलण्यावरून ‘आक्रोश’ आठवला. गोविंद निहलानी यांनी ‘निशांत’, ‘मंथन’ आणि ‘भूमिका’ या तिन्ही चित्रपटांचे छायाचित्रण केले होते. हा चेहरा त्यांनी भिंगातून किती काळ पाहिला असेल याचा विचार करा. दिग्दर्शक म्हणून पहिलाच चित्रपट करताना त्यांनी या अभिनेत्रीला जवळजवळ शब्द नसलेली नागीची भूमिका दिली, आणि ती आठवणींच्या तुकड्यांतूनच दिसते. एवढ्या थोड्या वेळात तिचे अस्तित्व इतके ठसते की तिच्याच खुनाचा आरोप असलेल्या तिच्या नवऱ्याचे, लहान्याचे, पुढचे सगळे मौन आपल्याला समजते. ही भूमिका लहान म्हणून यादीतून गळू नये.

‘अर्थ’बद्दल अद्याप कोणी लिहिले नाही, त्याचे मला आश्चर्य वाटते. त्या चित्रपटाची सहानुभूती पूजाकडे, म्हणजे नवऱ्याने सोडलेल्या पत्नीकडे, आहे आणि शबाना आझमी यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. परंतु स्मिता पाटील यांनी केलेली कविताची भूमिका मला अधिक अवघड वाटते. दुसरीचा संसार मोडणारी, त्या अपराधाने आतून पोखरलेली, मनाचा तोल ढळत चाललेली स्त्री प्रेक्षकांनी तिरस्कारली असती तरी चित्रपट चालला असता. स्मिता पाटील यांनी तिला तिरस्कारापासून वाचवले, आणि तसे करताना तिच्यातला हट्ट आणि स्वार्थ जरासुद्धा झाकला नाही. म्हणून शेवटी ती पूजाच्या नवऱ्याला, इंदरला, नाकारते तेव्हा तो निर्णय पटकथेच्या सोयीसाठी आलेला वाटत नाही. पानवठा, चुकणाऱ्या माणसाची भूमिका हीच तुमची कसोटी असेल तर कविताला तुम्ही उषाच्या शेजारी बसवायला हवे.

पानवठा

सावळा_मेघ, कविताबद्दलचा तुमचा मुद्दा मान्य. शेजारी बसवतो, पण एक पायरी खाली, कारण उषाचे सारे आयुष्य आपल्याला दिसते आणि कविताचे फक्त आजारपण. लेखकांनी तिला भूतकाळ पुरेसा दिलेला नाही.

उत्तररात्र

सर्वांचे मनापासून आभार. मधुमालती यांनी सांगितलेल्या मुलाखतीमुळे माझ्या प्रश्नाची मांडणीच बदलली. मी ‘का वाहवत गेल्या’ असे विचारत होतो, आणि उत्तर असे आले की त्यांना तसे करायला भाग पाडणाऱ्यांत माझ्या आवडीचा प्रवाहही होता. ‘चिदंबरम’ आणि ‘आकालेर संधाने’ यादीत घेतले आहेत. एवढेच विचारायचे राहते की ‘मिर्च मसाला’ शेवटी पाहावा की आधी? पुष्कळ जण तो त्यांचा अखेरचा मोठा चित्रपट म्हणून सांगतात, आणि १३ डिसेंबर १९८६ ला त्या गेल्या हे माहीत असताना त्या चित्रपटाकडे त्रयस्थपणे पाहणे मला जमेल की नाही, याची शंका वाटते.

मधुमालती

तो मध्येच पाहा, शेवटी नको. शेवटी पाहिलात तर प्रत्येक दृश्यावर मृत्यूची छाया पडेल, आणि सोनबाई ही छायेतली बाई नाही. केतन मेहता यांनी सुभेदाराचा माज, गावाचा भित्रेपणा आणि मिरचीच्या कारखान्यातल्या बायकांचे आपसांतले हेवेदावे इतक्या उघड्या उन्हात मांडले आहेत की त्या चित्रपटाकडे श्रद्धांजली म्हणून पाहणे हे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल. तो पडद्यावर आला १९८७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, हे खरे. पण त्यातली ऊर्जा चालत्याबोलत्या, भरात असलेल्या अभिनेत्रीची आहे.

सोनबाई सुरुवातीला नायिका म्हणून येत नाही हेही पाहा. नदीवर सुभेदाराला पाणी देताना ती जराशी खट्याळ आहे, तिला आपल्या देखणेपणाची जाण आहे. सुभेदाराला थप्पड मारते ती कोणत्या तत्त्वासाठी नव्हे, त्याने हात लावला म्हणून. त्यानंतर ती घाबरून मिरचीच्या कारखान्यात आसऱ्याला धावते, आणि कारखान्याचे दार बंद झाल्यावर तिथल्या बायका तिलाच दोष देऊ लागतात. सारे गाव एका बाईला सुपूर्द करून मोकळे होऊ पाहते. या दडपणाखाली तिच्या नकारात जी धार येत जाते ती स्मिता पाटील यांनी टप्प्याटप्प्याने वाढवली आहे: आधी नुसती भीती, मग हट्ट, मग कोणाचेही न ऐकण्याची शांतता. शेवटी ती हातात विळा घेऊन उभी राहते. १९७६ ची ‘मंथन’मधली बिंदू, जिचा राग कोणाला ऐकू जात नाही, ती आठवा आणि मग ही सोनबाई पाहा. सलग पाहिल्यास फार काही हाती लागेल.

‘मंथन’ची दुरुस्त केलेली नवी प्रत २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली. ती कोठे पाहायला मिळाली तर सोडू नका, कारण जुन्या पुसट प्रतींमध्ये निहलानी यांच्या कॅमेऱ्याने टिपलेला बिंदूचा चेहरा अर्धा हरवलेला असतो.

एक सावधगिरी. निधनानंतर पुढे आलेल्या चित्रपटांपैकी ‘वारिस’ (१९८८) मध्ये त्यांचा आवाज रेखा यांनी दिला आहे. चित्रपट बरा आहे, पण आवाज त्यांचा नाही म्हणून अभिनयाचे मोजमाप त्यावरून करू नका. स्मिता पाटील यांच्या कामातला निम्मा भाग त्या किंचित खरखरीत, खालच्या पट्टीतल्या आवाजात आहे.

सावळा_मेघ

मधुमालती यांच्याशी सहमत. माझी सूचना अशी: ‘मंथन’ नंतर लगेच ‘मिर्च मसाला’, मग ‘अर्धसत्य’ (१९८३). ‘अर्धसत्य’मध्ये ज्योत्स्ना ही वेलणकर या पोलीस अधिकाऱ्यावर प्रेम करते, त्याचा राग समजून घेते, आणि त्याच्या हिंसेपाशी आल्यावर मागे फिरते. कमी लांबीची, पण फार नेटकी भूमिका. त्यानंतर ‘चिदंबरम’. ‘शक्ती’ आणि ‘आखिर क्यों?’ यांच्यासाठी वेगळा दिवस ठेवा. एकाच बैठकीत पाहिले की तुलना सुरू होते, आणि त्या तुलनेत त्या चित्रपटांत त्यांनी जे थोडे पण प्रामाणिक केले आहे तेही नजरेतून निसटते. ‘सद्गती’ (१९८१) सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेला, तासाभरापेक्षा लहान आहे. झुरिया नवऱ्याच्या प्रेतापाशी आक्रोश करते तो प्रसंग पाहून झाल्यावर त्या दिवशी आणखी काही लावू नका.